रांगेतून बाहेर

लुआआजींनी कुओंगच्या नावावर बोट ठेवलं आणि लगेच फोन मांडीवर पालथा घातला.

"या पोरीनं कुओंगला मारलं."

कुओंग समोरच होडीत उभा होता. "मला? अहो, अजून नाश्ता व्हायचाय माझा."

कुठल्या होडीवाल्याने कुठला माल न्यायचा, हे कॅन थो शहरातल्या नदीच्या धक्क्यावर लुआआजी ठरवत. आज पहिल्यांदाच हे दिएपने बनवलेल्या फोनवरच्या ॲपमधून व्हायचं होतं. आजी नको म्हणाल्या, तर तिची सगळी मेहनत वाया जाणार होती. होडीवाल्यांच्या यादीतलं निवडलेलं नाव उठून दिसावं म्हणून तिने त्याला काळी चौकट घातली होती. तशी चौकट गेलेल्या माणसाच्या फोटोला असते. बाजूला पोती शिवत बसलेल्या थिएनच्या घरीही तसा एक फोटो होता. बायको गेल्यापासून त्याने होडी काढली नव्हती.

दिएपने जीभ चावली आणि चौकट काढली. आता निवडलेली ओळ, फोन आपोआप करतो तशी, राखाडी झाली.

"आता राख फासलीस," आजी म्हणाल्या.

कुओंग हसला. दिएप हसली नाही, रुसलीही नाही. आजींकडे गिऱ्हाईक आलं होतं; ती आजींच्या हातांकडे बघत राहिली. आजी अननस दाबून बघत आणि पसंत पडलेला बोटभर पुढे ओढून ठेवत. त्यावर खूण नाही, काही नाही.

दिएपने पोत्यावर लॅपटॉप उघडला. थिएनची सुई थांबली. इतकी बोलणी खाऊन ही पोर पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली होती.

"आता बघा, आजी."

आजींनी कुओंगच्या नावावर बोट ठेवलं. नाव ठळक झालं आणि रांगेतून बोटभर पुढे सरकलं. पुन्हा बोट ठेवलं, तर मागे गेलं.

"ये. जा. ये. कुओंग, नाचवते बघ तुला."

"नाचवा, पण माल द्या."

"हे चालेल," आजी दिएपला म्हणाल्या.

मग त्यांनी यादी खाली सरकवली, एका नावावर बोट ठेवलं आणि फोन थिएनपुढच्या पोत्यावर ठेवला. त्याचंच नाव पुढे आलं होतं.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"आजी म्हणाल्या, सगळ्यांची घाल."

थिएनने नाव मागे सारायला बोट पुढे केलं. ते पडद्यावर टेकलं नाही. आजी अननस मांडत होत्या, त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

त्याने पोत्यात सुई खोचून ठेवली.

"कुठं पोचवायचेत?"