तीजाबाईंचं डोकं कापणारी तार

शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. म्हसावदच्या एका हायस्कूलच्या जुन्या सायकल स्टँडमध्ये तीजाबाईंचं डोकं या कानापासून त्या कानापर्यंत कापलं गेलं. कापणारी मी होते.

घाबरू नका, मित्रांनो. डोकं मातीचं होतं, नारळाहून थोडं मोठं. आणि मी एक जुनी तार आहे, हातभर लांबीची.

माझी पहिली अकरा वर्षं सारंगखेड्याच्या बन्सीलाल पाटलांच्या सायकलवर गेली. ब्रेकच्या वायरीतला एक पदर म्हणजे मी. तापीच्या पुलाकडचा उतार आला की ते मला ओढत आणि सायकल थांबे. पुढे त्यांनी मोटरसायकल घेतली. त्यांची मुलगी रुपा शिल्पकला शिकून या शाळेत, याच सायकल स्टँडमध्ये, नववीला मातीकाम शिकवू लागली. तिने वायर उसवून मला मोकळं केलं, दोन्ही टोकांना बाभळीच्या काड्या बांधल्या आणि खिळ्याला टांगलं.

चाकावरचं भांडं तळातून सोडवणं हे माझं रोजचं काम. दर शनिवारी मात्र मोठं काम असे. मडक्याची भिंत कुठे जाड, कुठे पातळ, ते बाहेरून कळत नाही. म्हणून रुपा मॅडम एक मडकं निवडून माझ्याकडून उभं चिरून दाखवत. निवडत ते सर्वांत चांगलं.

"चांगलंच का, मॅडम?"

"वाईट कापून काय शिकणार?"

परिणाम असा झाला की मुलं मुद्दाम जरा वाकडी मडकी करू लागली. नवनीतला मात्र वाकडं जमेना. सलग तीन शनिवार त्याचंच मडकं कापलं गेलं. चौथ्या शनिवारी मी खिळ्यावर नव्हते. मातीच्या ओल्या पोत्यामागे, अंधारात, गंजत पडले होते. पाच आठवडे.

त्याच पाच आठवड्यांत चांदनीने गवर, म्हणजे गौरीची मूर्ती, केली. चांदनीचं घर मारवाडी. तिच्या दादी तीजाबाई दर चैत्रात गणगौरीसाठी मातीच्या मूर्ती करतात. त्या भरीव असतात, कारण त्या भाजायच्या नसतात, पाण्यात सोडायच्या असतात. चांदनी तेच शिकलेली.

"आतून पोकळ केलीस ना?" मॅडमनी विचारलं. तिने मान डोलावली. तळाला अंगठ्याएवढं भोक होतं, त्यालाच ती पोकळ समजली होती. कापून बघायला मी जागेवर नव्हते.

कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्यापासून पन्नासाव्या मिनिटाला भट्टीत गवर फुटली. भरीव मातीत पाणी कोंडून राहतं, त्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती माती फोडते. नऊ मडकी तिच्याबरोबर गेली. त्यांत एक नवनीतचं होतं.

सोमवारी नवनीतने मला आणून टेबलावर ठेवलं. "मॅडम, तार मीच लपाडी व्हती." मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी रॉकेलची चिंधी त्याच्या हातात दिली. "घास." दोन तास घासलं त्याने मला.

पण वर्ग चांदनीवर रुसला होता. "मन्हं मडकं तिन्हा जोडे नका ठेवज्यात, मॅडम," असं एकीने म्हटलं आणि मग तिच्याशेजारी मडकं नको, असं सगळेच म्हणू लागले.

"भट्टी एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "अर्धी रिकामी मी पेटवणार नाही."

चांदनीने दादीचं डोकं घडवायला घेतलं. नाकातल्या चमकीसकट, कपाळावरच्या तीन आठ्यांसकट. ते जरा घट्ट झालं तेव्हा तिने सगळ्यांना भोवती बोलावलं आणि माझ्या दोन्ही काड्या स्वतःच धरून ते कापलं.

नेमक्या त्याच वेळी डबा घेऊन तीजाबाई दारात आल्या. त्या घरात मारवाडी बोलतात, बाहेर अहिराणी.

"काय वं चांदनी, मन्हं डोकं कापी टाकं?"

"दादी, आतून कोरायचंय."

"मझार काय निंघनं?"

"माती. आत ठासून भरलेली."

"मंग तुन्हा दादाजीले सांगजो. त्या म्हणतस, मन्हा डोकामा काहीच नही!"

वर्ग पहिल्यांदा हसला. मग चांदनीने दोन्ही अर्धी कोरली, भिंत बोटाएवढी ठेवली, कडांवर ओरखडे काढले, पातळ चिखल लावून डोकं परत जोडलं. वाफेसाठी मानेतून वाट ठेवली. मी कुठून गेले होते, ते आता दिसतही नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. काम झालं की मला पुसा आणि खिळ्याला टांगा. आणि तुमचं चांगलं मडकं कापलं गेलं, तर मला लपवू नका. मी आत बघण्यापुरतीच कापते.

डोकं तीन आठवडे सावलीत वाळलं. काल, शनिवारी सकाळी आठला, भट्टी भरली. डोक्याशेजारची जागा बराच वेळ रिकामी राहिली. मग नवनीतने आपलं मडकं तिथे ठेवलं.

"फुटी ना रे ते!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मी मझार देखेल शे," नवनीत म्हणाला. त्यानंतर बाकीची मडकीही आली.

पेटवल्यावर पन्नासावं मिनिट शांत गेलं. दुसरा तासही. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी भट्टीचं तोंड विटा लावून लिंपलं.

आज रविवार. दुपारी चारला चांदनी आणि नवनीत शाळेत आले. भट्टी अजून कोमट आहे. तिला कान लावून दोघं उभी होती, तेव्हा आतून एक आवाज आला. टक्. एकच. निवणारी माती असा आवाज करते. तडकणारीही असाच करते.

"तुन्हं का मन्हं?" नवनीतने विचारलं.

भट्टी उद्या सकाळी, प्रार्थनेनंतर उघडणार आहे. तीजाबाईंनी निरोप पाठवला आहे की त्या स्वतः येत आहेत.