कोरडा ट्रे आणि जावईबापू

आमच्या जावयाचं वागणं सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. माझ्या पोटाखाली तेल टिपायला ठेवलेला पत्र्याचा ट्रे एका सकाळी कोरडा निघाला. झालं! हा गडी गल्लीभर दवंडी पिटत फिरला, "गळती थांबवली मी! दोन बोल्ट आवळले, बस्स!" अहो, थांबवली कसली, कपाळ!

मित्रांनो, मी एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आहे. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, आणि अजूनही देखणी. खोटं कशाला बोलू? शाळेचं तोंड मी पाहिलं ते मालकाच्या मुलीला सोडायला गेले तेव्हाच, पण चारचौघांत मान कशी वर ठेवायची हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

थंड देशातल्या कारखान्यात कारागिरांनी पत्रे ठोकून ठोकून माझी ही गोलाई काढली. वळणावर मी रस्ता असा धरते की बसणाऱ्याच्या पोटात गुदगुल्या व्हाव्यात. पाऊस आला की चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर एक थेंब पडणारच. दिवे माझे मनाला येईल तेव्हा लागतात. आणि जरासं तेल मी रोज गाळते. मला घरात आणायचं तर एवढं धरूनच चालावं.

एका शिंप्याने मला आणलं, तेव्हा माझं छप्पर फाटून लोंबत होतं. त्यानं जाड कापड आणून दुहेरी शिवणीनं नवं छप्पर शिवलं. त्याची बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दोनच जागा? आणि पोरगी काय माझ्या डोक्यावर बसवू?"

"मांडीवर बसव," शिंपी म्हणाला.

त्या मांडीवरच पोरीला माझी भाषा आली. माझा कुठला सूर सुखाचा आणि कुठला दुखण्याचा, हे तिला पाढ्यांआधी कळायचं. मी सिग्नलला थांबले की लोक चालायचे थांबत. काय दिवस होते ते!

पुढे शिंप्याचे गुडघे गेले. माझ्यात वाकून बसणं त्याला जमेना. पोरीच्या लग्नानंतर त्याने किल्ली जावयाच्या हातात दिली. "जावईबापू, सकाळी चोक ओढा, ती तापेपर्यंत घाई नको. आणि तेल मोजायची पट्टी रोज काढून बघा."

"हो हो," जावई म्हणाला. औषधांचं दुकान चालवतो तो. दुसऱ्यांना रोज सांगतो, गोळी चुकवू नका. आणि ट्रे कोरडा दिसल्यापासून यानं माझी पट्टी एकदाही काढली नाही. आता तुम्हीच सांगा, भांडं रिकामं झालं तर गळणार काय?

मग एका रविवारी नवराबायको दोघं मला घाटात घेऊन गेली. तिसऱ्या वळणावर तेलाच्या दाबाचा काटा खाली लोळला. माझ्या आतल्या लोखंडाला लोखंड घासू लागलं. अजून एक चढ, आणि माझं इंजिन कायमचं जाम झालं असतं.

"अहो, थांबा!" पोरगी ओरडली. "हिचा आवाज बदललाय."

"काटाच जुना आहे गं, खोटं दाखवतो," म्हणत त्यानं काचेवर टिचकी मारली.

पोरीनं वादच घातला नाही. हात घालून सरळ किल्ली बंद केली. मी कडेला जाऊन थांबले. तिनं पट्टी काढून त्याच्या नाकासमोर धरली. टोकालासुद्धा तेल नव्हतं.

जावयाचं तोंड एवढंसं झालं. पण तो लगेच निघाला. भर उन्हात घाट उतरून पंपावर गेला आणि तेलाचे डबे घेऊन चढून आला. शर्ट पाठीला चिकटलेला, बुटात खडे. पुठ्ठ्याची नळी करून त्यानं थेंबही न सांडता तेल ओतलं. पट्टी पुसली, पाहिली, पुन्हा पुसली, पुन्हा पाहिली. पोरीनं किल्ली फिरवली. काटा हळूहळू वर चढला, तेव्हा त्यानं बॉनेटवर हात ठेवला. "चुकलो हं मी," तो माझ्याशी बोलला, बायकोशी नव्हे.

मित्रांनो, जुन्या गाडीला नुसतं पुसून भागत नाही. तिच्या पोटात काय आहे ते रोज विचारावं लागतं.

मग मी घसा साफ केला, त्या घाटाला ऐकू जाईल अशी गुरगुरले आणि त्याला म्हणाले, "जावईबापू, डोक्यानं तुम्ही उतावळेच. पण राबायला लाजत नाही. बसा आता, वरपर्यंत नेते तुम्हाला."