भाऊजींच्या थाप्या

माझे भाऊजी हत्यारांचं दुकान चालवतात, म्हणजे गल्ल्यावर बसतात. त्यांनी जन्मात खिळा ठोकलेला नाही, पण सल्ला गवंड्यालाही देतात. थाप्या विकतात आणि थापाही मारतात.

मी उत्खननावर काम करते. टेकाडाखालचं जुनं गाव आम्ही थराथराने मोकळं करतो. त्याला गवंड्याची छोटी, टोकदार थापी लागते. यंदा बारा थाप्या निवडायचं काम माझ्याकडे आलं, तर ताई म्हणाली, "घरचं दुकान सोडून बाहेर कुठे जातेस?"

गेले. भाऊजींनी रंगीत मुठींचा ट्रे पुढे सरकवला. पातं पत्र्याचं, दांडीला वेल्डिंगचे दोन ठिपके.

"ह्या टिकायच्या नाहीत, भाऊजी. पातं आणि दांडी एकाच पोलादाची, ठोकून काढलेली हवी."

"तुला कुठे भिंत बांधायचीय? माती तर उकरायची. आणि मूठ बघ, रबराची आहे."

मूठ खरोखर सुंदर होती. ताई शेजारीच उभी होती, म्हणून मी वाद घातला नाही आणि बारा घेतल्या. हा माझा गाढवपणा.

तिसऱ्या दिवसापर्यंत पाच थाप्यांची पाती निखळली. सहावीचं टोक भाजलेल्या मातीच्या जमिनीवर चमच्यासारखं वळलं. दोन हजार वर्षं शाबूत राहिलेल्या त्या जमिनीवर भाऊजींच्या मालाने वीतभर ओरखडा काढला.

संध्याकाळी मी सगळे तुकडे काउंटरवर ओतले. भाऊजींनी एक उचलून डोळ्यांजवळ नेला, जणू काही त्यांना त्यातलं कळतं.

"वापरायची पद्धत चुकली तुमची."

"मग दाखवा ना," म्हणत मी ट्रेमधली एक नवी थापी त्यांच्या हातात दिली.

ते उंबऱ्याशी वाकले, फरशीच्या फटीत टोक घातलं आणि दाबलं. मूठ हातात राहिली, पातं फटीत.

ताई मागच्या खोलीत गेली, शिडी लावली आणि माळ्यावरून एक धुळकट खोकं काढून आणलं. आत लाकडी मुठींच्या, एकसंध पोलादाच्या थाप्या होत्या. मी एक पायाखाली धरून वाकवली. ती जरा लवली आणि पुन्हा सरळ झाली.

"ह्या तेव्हाच का दिल्या नाहीत?" ताईने नवऱ्याला विचारलं.

"त्या खरं काम करणाऱ्यांसाठी ठेवल्यात," भाऊजी म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते फटीतलं पातं उपसायला लागले.

"हिला माल आजपासून मी काढून देईन," ताई म्हणाली. "तुम्ही गल्ला बघा."

सहा आठवडे झाले. टोकं झिजलीत, तुटली एकही नाही. परवा ब्रश आणायला गेले, तर भाऊजी एका गिऱ्हाईकाला सांगत होते, "उत्खननवाले आमच्याचकडून नेतात. मी स्वतः निवडून दिल्या." मला बघूनही त्यांचा आवाज खाली आला नाही. मी सरळ आत ताईकडे गेले.