पिवळा दिवा

चार वाजता शाळेचा तपासनीस आमची व्हॅन बघायला शेडमध्ये येणार होता, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही केल्या विझत नव्हता. हेडलाइटचा बल्ब गेला, असं तो सकाळपासून सांगत होता. गेला कसला, कपाळ! दोन्ही बल्ब नवेकोरे एलईडी होते. "जुन्यात रस्ता दिसत नाही," म्हणून यांनी परवाच हट्टाने बसवून घेतले होते. डॅशबोर्डवर एकही इशारा असला तर व्हॅन नापास, आणि यांचं शाळेची मुलं ने-आण करायचं काम बंद. त्या कामावरच आमचं घर चालतं.

धाकटे दीर गाड्यांचं वायरिंग करतात. ते म्हणाले, "एलईडी वीज कमी खातो, वहिनी. गाडीला वाटतं बल्ब मेला. रेझिस्टर लावून तिला फसवू. तो नुसता बसून वीज खातो."

"म्हणजे तुमच्यासारखाच, भावजी."

दिवसभरात हसलो ते तेवढंच. रेझिस्टर लावला, इशारा गेला आणि जळका वास आला. घाईघाईत भावजींनी तो तापणारा तुकडा प्लास्टिकला बांधला होता. वायर वितळली. तो काढला, तर पिवळा दिवा पुन्हा हजर.

"जुने बल्ब लावा," मी म्हटलं.

"जुने नकोत!" हे अंगावरच आले.

सकाळपासून हेच चाललं होतं. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी रडले, ओरडले, जुने बल्ब भावजींच्या हातात कोंबले आणि उजेड नीट दिसावा म्हणून शटर खाली ओढलं.

दिवे तपासायची आमची जुनी रीत आहे. हे स्टिअरिंगवर बसतात, मी समोरच्या भिंतीशी उभी राहते आणि दिवा लागला की हात वर करते. हल्ली हे म्हणायचे, "तोंडाने सांग." मला वाटायचं, हुकूम सोडायची हौस, दुसरं काय.

भावजींनी जुने बल्ब बसवले आणि आत डोकावून म्हणाले, "इशारा गेला!" उजेड माझ्या अंगावर पडला. आनंदाच्या भरात मी दोन्ही हात वर केले.

यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, लागले का? आहेस कुठे तू?"

मी चार पावलांवर होते, भर उजेडात. भावजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी खिडकीपाशी गेले. यांनी चाचपडत माझा हात धरला. "अंधारलं की असं होतं गं. वाटलं, उजेड वाढवला की भागेल. उन्हात दिसतं मला, मुलं चढताना दिसतात. आजचा दिवस निभावून ने. कुणाला बोलू नकोस."

थंडीत शाळा सुटते तेव्हा अंधारलेलं असतं. इतका राग आला होता, की यांना मारावं. आणि इतकी माया, की हात सोडवेना.

बाहेर गाडी थांबली. कुणीतरी शटर वाजवलं.

मी हात सोडवून घेतला, बॉनेटखाली घातला आणि डाव्या बल्बचा प्लग ओढून काढला.

"पिवळा परत लागला!" हे कळवळून ओरडले. "अरे, बघ ना काय झालं!"

भावजी प्लग बसवायला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, भावजी. शटर उघडा."