आईच्या हातातली शाल

"पायांवर शाल टाकू का गं?" सेटवर आल्यापासून आईचं हेच पालुपद चाललं होतं.

"अगं, नवरा-बायकोचा प्रसंग आहे. पाय दिसायलाच हवेत," धाकटी लेक म्हणाली.

आईने तोंड वाकडं केलं. घरी पाहुणा आला रे आला की धाकटीच्या लुळ्या पायांवर शाल पडायची, हे लहानपणापासूनचं. पुढे धाकटी व्हीलचेअरवर बसून डबिंग करू लागली. कितीतरी नायिका तिच्या आवाजात रडल्या, लाजल्या. हिचा चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. आता कुठे एका दिग्दर्शकाने तिला नायिका केलं, तर निर्मात्याच्या कपाळाला आठ्या. आजचा प्रसंग फसला, तर उद्यापासून चालती-फिरती नटी नायिकेच्या व्हीलचेअरवर बसणार, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

प्रसंग साधाच. नवऱ्याने तिला उचलून पलंगावर ठेवायचं, दिवा मालवायला हात न्यायचा आणि तिने म्हणायचं, 'दिवा राहू दे.'

नायकाचं काम करणारा नट नावाजलेला, पण आज त्याला घाम फुटला होता. "दुखलं तर सांगा हं."

"अहो-जाहो नको. नवरा आहेस माझा."

त्याने तिला अलगद पलंगावर ठेवलं आणि तिचा उजवा पाय थडथडायला लागला. जुनं दुखणं, नको तेव्हा हजर. गादी हलू लागली. शाल घेऊन आई उठलीच. निर्मात्याने नकारार्थी मान हलवली. नट गोंधळला, सगळं विसरला, आणि पाय दिसू नये म्हणून घाईघाईने दिव्याकडे वळला.

धाकटीने त्याचं मनगट धरलं. त्याचा तळवा आपल्या थरथरत्या गुडघ्यावर ठेवला.

"दिवा राहू दे," ती म्हणाली. मग कागदावर नव्हतं तेही म्हणाली, "हा मेला आगाऊच आहे. तू जवळ आलास की आधी यालाच कळतं."

नट हसला, अगदी खरं हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याने तिच्या गुडघ्यावर गाल टेकला. पाय हळूहळू निवला. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरूनच गेला होता.

"पुन्हा घ्यायचा?" निर्मात्याने विचारलं.

"कशाला?" दिग्दर्शक म्हणाला.

निर्माता घसा खाकरून धाकटीकडे वळला. "उद्या सकाळी लवकर या, बाई."

सगळे तिच्याभोवती जमले. आई वाट काढत पलंगापाशी आली. लेकीचे उघडे पाय दिव्याच्या उजेडात तसेच पसरलेले होते. आईने शाल उलगडली, जरा थांबली आणि स्वतःच्याच खांद्यांवर ओढून घेतली.

"गारठा फार आहे हो इथे," म्हणत ती लेकीच्या पायांशी बसली.