जुळ्या भावांचं रक्त

कारखान्याच्या डॉक्टरांनी वडिलांच्या कागदावर एकच ओळ खरडली होती : 'पार्किन्सन, आनुवंशिक.' तीस वर्षं वडील बंद खोलीत, उघड्या हातांनी, यंत्रांचे सुटे भाग उग्र द्रावणात बुडवून त्यांचं तेल काढत होते. आता त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं.

"तुमच्या रक्तातच आहे हो ते," डॉक्टर थोरल्या लेकीला म्हणाले. "कारखान्याला कशाला बोल लावता? उद्या तुमचेही हात थरथरतील."

ते तिच्या जिव्हारी लागलं. ती स्वतः प्रयोगशाळेत रक्त तपासायची.

"ह्या माणसाला मी सोडणार नाही," तिनं आईला सांगितलं.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"पाण्यात बाबा होते, आई. मी काठावर आहे."

डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. वडिलांना जुळा भाऊ होता, अगदी हुबेहूब. काका शिंपी, सत्तरीतही एका फटक्यात सुई ओवणारे. लेकीनं दोघांचं रक्त आपल्या प्रयोगशाळेतल्या संशोधन विभागाच्या बाईंकडे दिलं. तीन महिन्यांनी बाईंनी तिला बोलावलं.

"जनुकं दोघांची तीच, अक्षरन् अक्षर. पण कुठलं जनुक जागं राहील आणि कुठलं गप्प बसेल, हे ठरवणाऱ्या खुणा त्यांच्यावर असतात. त्या वडिलांच्या बऱ्याच ठिकाणी बदलल्यात. विषारी वाफांनी असं होऊ शकतं. पण आजारानंही होतं हं. एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही."

मग ती त्या खोलीतल्या इतरांना शोधत सुटली. दर रविवारी एक दार. चौघं सापडले. चौघांची घरं वेगळी, नात्याचा धागा नाही, आणि चौघांचेही हात थरथरत होते. चौघांच्या कागदांवर तीच ओळ, त्याच अक्षरात. खोलीतला पाचवाही तिनं शोधला, पण त्याची फक्त विधवा उरली होती, कागद नव्हता.

तिच्या तक्रारीवरून नेमलेल्या चौकशी समितीपुढे डॉक्टरांनी तेच तुणतुणं वाजवलं. तिनं चारही कागद एकेक करून टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, हे माझे कोण लागतात?"

डॉक्टर घाम पुसू लागले. तेवढ्यात काका उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. बोट हललं नाही. "रक्त तेच आहे साहेब," ते म्हणाले, "फक्त मी त्या खोलीत गेलो नाही."

"मला वरूनच तसं लिहायला सांगायचे," डॉक्टर शेवटी पुटपुटले.

त्यांचा परवाना गेला, ती खोली सील झाली. निकालाच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला गाठलं. "मलाही मुलं आहेत. ती लोकांना काय तोंड दाखवणार?"

"सांगा, आनुवंशिक आहे म्हणून," ती म्हणाली आणि जिना उतरली. तिला जराही वाईट वाटलं नाही.

घरी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. आजारानं त्यांचा चेहरा लाकडासारखा झाला होता. हसू त्यावर उमटत नसे.

"त्याला घाम फुटला, तिथपासून पुन्हा सांग," ते म्हणाले.