लंगडा पोळपाट

"माझा लंगडा पोळपाट कुठाय?"

कुसुमावतीबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नीलकंठराव गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं बैठकीची फरशी पुसत होते. लग्न झाल्यापासून या माणसानं फरशी पुसलेली बाईंनी पाहिली नव्हती. कालपासून तो दुसऱ्यांदा पुसत होता.

"असेल तिथंच."

"तिथं नाही म्हणून तर विचारून राहिले. आणि तुम्ही काय करून राहिले हे? कामवालीला काढायचंय का?"

"धूळ होती."

"धूळ!" बाईंनी खाली वाकून त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. मग डॉक्टरनं काही सांगितलंय का तुम्हाला? खरं सांगा हो. माणूस जायचा असला की असा एकदम चांगला वागायला लागतो."

नीलकंठरावांनी फडकं बादलीत पिळलं आणि बोट वर करून देवाच्या दिशेनं काहीतरी अस्पष्ट हातवारा केला. त्यातून काय समजायचं ते बाईंनी समजून घ्यावं.

पोळपाट त्या वेळी अंगणातल्या स्कूटरच्या सीटखाली होता. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

नीलकंठरावांची सगळी नोकरी बदनावरच्या मंडीत सोयाबीनच्या नोंदी करण्यात गेली. धारहून रोज बसनं जायचं, रोज परत यायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर प्लॉटच्या दलालीत शिरतात. यांनी बंद पडलेली मनगटी घड्याळं गोळा करायला घेतली. कबाड्याकडून, जत्रेतून, कोणाच्या गेलेल्या आजोबांच्या ट्रंकेतून. ती उघडायची, धुवायची, तेल द्यायचं, काच चकचकीत करायची. पण खरा जीव डायलमध्ये. डाग पडलेलं, पापुद्रे सुटलेलं डायल घासून कोरं करायचं, नवा रंग द्यायचा, आकडे पुन्हा उठवायचे. विकायचं काही नाही. "दिवसभर घड्याळांची तोंडं धुतात, स्वतःचं दहा वाजता," हे बाईंचं या छंदाबद्दलचं एकूण मत.

पोळपाटाचा एक पाय मोडला तेव्हा बाईंनी नवा घेतला आणि लंगडा घड्याळांच्या टेबलावर गेला. लाकडावर पडलेला स्क्रू उसळून पळत नाही. पण स्वयंपाकघरातून गेलेली वस्तू कायमची गेली असं कोणतीही बाई मानत नसते. सुनेच्या, म्हणजे शिखाच्या, डोहाळजेवणाला पुरणपोळ्या करायच्या होत्या. लाटणाऱ्या दोघी आणि पोळपाट एक. बाईंनी टेबलावरून लंगडा उचलला, काथ्यानं खसाखसा घासला, मोडक्या पायाखाली फडक्याची घडी सरकवली आणि लाटायला बसल्या. शिखानं सातव्या महिन्याच्या भुकेनं त्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. सगळेच तिला आग्रह करत होते. सगळ्यांत जास्त नीलकंठराव.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी त्या पोळपाटावर एक घड्याळ खरवडलं होतं.

काळ्या डायलचं, जाड आकड्यांचं, देवासच्या कबाड्याकडून आणलेलं विलायती घड्याळ. आकड्यांत आणि काट्यांत एके काळी अंधारात चमकणारा मसाला भरलेला होता. आता तो तपकिरी पडून भुगा व्हायला आला होता. नवा भरायचा तर जुना काढायला हवा. नीलकंठरावांनी ब्लेडच्या टोकानं तो खरवडला आणि सवयीनं तोंडानं फुंकर मारत राहिले. खरवड, फू. खरवड, फू. अगदी मजेत.

काल दुपारी देवासहून बळवंतरावांचा फोन आला. हेही घड्याळवेडे. दोघांचं बोलणं म्हणजे दोन बायकांनी सुनांबद्दल बोलावं तसं, कोण चालते, कोण अडते.

"निळू, ते काळ्या डायलचं तू उघडलंस का?"

"उघडलं काय, साफ पण केलं. आता रंग दिला की नवरी दिसेल."

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बळवंता?"

"यार, त्यात खरं रेडियम आहे. जुन्या काळचं. आमच्या फिजिक्सवाल्या मननला फोटो दाखवला मी. तो म्हणतो, चमक मरते पण ते मरत नाही, शेकडो वर्षं. भुगा पोटात गेला तर हाडात जाऊन बसतो. तू तोंडानं नाही ना फुंकलंस?"

नीलकंठरावांना स्वतःची फुंकर आठवलीच नाही. त्यांना तुपात बुडवलेली पोळी दिसली.

•

"बळवंताकडे जाऊन येतो," असं सांगून ते निघाले. पिशवीत पोळपाट, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते घड्याळ. बस इंदूरला बदलायची होती. पहिल्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तेव्हा त्यांना बरं वाटलं. पण पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. कडेवर तान्हं, ते नेमकं त्यांच्याकडे बघून हसणारं. बाई शेजारी बसली आणि पोरानं पिशवीकडे हात लांबवला.

नीलकंठराव ताडकन उठले.

"बैठो नी, बाउजी! जगा है," बाई म्हणाली.

"नहीं नहीं, मुझे उतरना है।"

उतरले कुठेच नाहीत. दाराच्या दांडीला लोंबकळत, पिशवी बाहेरच्या अंगाला धरून ते उभे राहिले. कंडक्टर वैतागला. "ओ काका, सीट खाली पड़ी और तुम गेट पे हीरो बने खड़े हो! इस उमर में गिरोगे तो नाम हमारा खराब होगा, भिया।"

तान्हं अजून त्यांच्याकडे बघून हसत होतं. नीलकंठरावांनी तोंड फिरवलं. वारा त्यांच्याकडून आत जातोय की आतून बाहेर, हे ते सगळा रस्ता तपासत राहिले.

•

बळवंतरावांचा पुतण्या मनन देवासच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. प्रयोगशाळेत त्या वेळी मुलं नव्हती. त्यानं किरणं मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. दिसायला जुन्या रेडिओसारखं, पुढे वायरला एक नळी.

"काका, आधी रिकामंच लावतो. घाबरू नका, रिकाम्या खोलीतही ते थोडं बोलतंच."

टक्. बऱ्याच वेळानं पुन्हा टक्.

बरणी जवळ आणली तशी कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं यंत्र फुटायला लागलं. बळवंतराव खुर्चीसकट मागे सरकले. मननच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. त्यानं बरणी उचलून पार खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि मग पोळपाट घेतला.

वरच्या बाजूवरून नळी फिरली. टक्. शांत. टक्. नीलकंठराव पोळपाट परत घ्यायला पुढे सरकले. मननची नळी कडेला, लाकडाच्या भेगेपाशी आली.

टक्, टक्टक्, टक्.

"हे काय?"

"आहे थोडं. भेगेत अडकलंय. वरचं काकूंनी घासून काढलं म्हणून साफ आहे."

"घासलेलं गेलं कुठं?"

"मोरीत."

"आणि पोळीत?"

मनननं आधी यंत्र बंद केलं. "बहुतेक नाही, काका. गेलंच असेल तर इतकं कमी, की बहुतेक काही होणार नाही."

"मंडीत सोयाबीनच्या ढिगाला मी 'बहुतेक' लिहिलं असतं ना, तर साहेबानं मला पोत्यात भरलं असतं."

"मला खोटं नाही बोलता येत, काका. जे आता मोजताच येत नाही, त्याचा आकडा कुठून देऊ? पण वहिनीच्या डॉक्टरना सांगा. आणि वहिनीलाही. त्यांना माहीत असायला हवं. हे दोन्ही नग इथंच राहू द्या, कुणाकडे सोपवायचे ते मी विचारतो."

बाहेर चहाच्या टपरीवर बळवंतरावांनी खांद्यावर हात ठेवला. "निळू, ऐक माझं. पोरीला कशाला सांगतोस? या दिवसांत धास्तीच जास्त वाईट. तो म्हणाला ना, बहुतेक काही नाही. गप राहा. कोणाला कळणार आहे?"

कळणार कोणालाच नव्हतं, हीच तर भीती होती. परतीच्या सबंध प्रवासात नीलकंठराव मनातल्या मनात गप राहून बघत होते. बाळ होईल. बाळाला सर्दी होईल. सगळे म्हणतील, हवा बदललीय. आणि ते एकटे त्याच्या नाकाकडे बघत बसतील. बाळ पडेल, हात दुखावेल, आणि ते हाडाचा विचार करतील. पोरगं दहावीला जाईल तरी यांचं यंत्र आतल्या आत टक् टक् करतच राहील. बस वाटेत बंद पडावी असं त्यांना वाटलं. एरवी रोज बंद पडणाऱ्या त्या बसगाड्या आज नेटानं धावल्या.

•

घरी पोचले तेव्हा मुलगा अंशुल पीथमपुरच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून नुकताच आला होता. शिखा दिवाणावर पाय सोडून बसली होती, बाई तिच्यासाठी डाळिंब सोलत होत्या. असल्या वेळी बोलायला नको, असं वाटण्याआधीच नीलकंठरावांनी चपला न काढता सगळं सांगून टाकलं. मंडीत नोंद वाचून दाखवावी तसं, सपाट.

आधी अंशुल हसला. "बाबा, रेडियम तर बाईकवर चिकटवतात. माझ्या हेल्मेटवर आहे."

"ते नुसतं नावाचं. हे खरं."

मग तो हसला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे धंदे करायला? रिटायर झालात तर घरी बसा ना! माणसं टीव्ही बघतात!"

"लाटल्या मी," कुसुमावतीबाई म्हणाल्या. डाळिंब त्यांच्या हातात तसंच होतं. "त्यांनी कुठं लाटल्या? विचारलं पण नाही मी त्यांना. उचलला आणि लाटल्या." बाईंचा आवाज एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. आता तो डाळिंबाच्या वाटीपर्यंतच गेला.

शिखानं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. ती नीलकंठरावांकडेच बघत होती.

"तुम्ही तर मला म्हणून राहिले होते ना, बाबा. 'अजून एक घे, बेटा. अजून एक.'"

"हो."

"मला नको होती ती शेवटची. तुमच्यासाठी खाल्ली."

ती उठली, उठताना अंशुलचा हात तिनं बाजूला केला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. नीलकंठराव तिथंच उभे होते. कोणी बसा म्हणालं नाही आणि आपणहून बसायची हिंमत त्यांना झाली नाही.

•

सकाळी शिखा तयार होऊन बाहेर आली. अंशुलनं स्कूटरची किल्ली घेतली.

"तू शिफ्टला जा," ती म्हणाली. "बाबा येतील."

"पागल झालीस का? मी येऊन राहिलोय ना."

"तू डॉक्टरशी भांडशील. ज्यांनी केलं त्यांनीच सांगायचं. माझ्याच्यानं नाही होणार."

ऑटोत दोघांच्या मध्ये तिची फाइल होती. बसस्टँड मागे पडलं. मग ती बाहेरच बघत म्हणाली, "तुम्ही तोंडानं फुंकलं म्हणता. मग तुमच्या पोटात पण गेलं असेल."

"माझं काय?"

"माझं काय म्हणजे?" ती एकदम भडकली. "उद्या बाळानं विचारलं तर काय सांगायचं मी, की आजोबांचं कोणाला काही नव्हतं? तुमची पण तपासणी करायची. आजच. हे असलं महान बनायचं नाटक मला नाही आवडत."

"बरं," नीलकंठराव म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. पेन मध्येच थांबलं. त्यांनी दोनदा विचारलं, नीलकंठरावांनी दोनदा सांगितलं, घाबरून एकदा जास्तच. त्या हसल्या नाहीत. "पहले सोनोग्राफी देख लेते हैं। फिर मैं इंदौर में किसी से पूछती हूँ। अभी घबराइए मत," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच चष्मा काढून डोळे चोळले.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी होती: चप्पल-जूते बाहर उतारें. नर्सनं शिखाचं नाव पुकारलं. शिखाच्या सँडलला घोट्यापाशी पट्टे होते. तिनं एक पाय उचलून बघितला, पोटापुढे वाकता येईना. भिंत दूर होती. सकाळी घरी ते पट्टे बहुधा अंशुलनं लावले असावेत.

नीलकंठराव खाली बसले. त्यांच्या घरात सासऱ्यासमोर सून पदर सावरून उठते, हे अजून चालत आलेलं. बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं जागेवर बसवणाऱ्या त्यांच्या बोटांना ते साधं बक्कल सुटेना. एकदा सटकलं, पुन्हा सटकलं. शिखा "राहू द्या" म्हणाली नाही. तोल जाऊ लागला तेव्हा तिचा हात आधार शोधत खाली आला आणि त्यांच्या डोक्यावर टेकला. सगळा भार टाकून. ते हलले नाहीत.

दुसराही पट्टा सुटला. ती अनवाणी आत गेली आणि दार बंद झालं.

नर्स जाताजाता म्हणाली, "बाउजी, चप्पल नीचे रख दो, वो रैक है वहाँ।"

त्यांनी मान हलवली. ते बाकावर बसले, सँडल मांडीवर घेतले आणि दाराकडे बघत राहिले.